व्हाइट सँड्सची अल्कली फ्लॅट वाट : पांढऱ्या वाळूतला 8 किलोमीटरचा फेरा कसा करावा

सह्याद्रीत हिंडणाऱ्याची वाट पायांना कळते. मळलेली माती, झिजलेले दगड, फांदीला बांधलेली चिंधी, कातळावर रंगवलेला बाण. एखादा फाटा चुकला तरी गुराख्याची हाक ऐकू येते, नाहीतर खाली वाडीतला धूर दिसतो. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातल्या व्हाइट सँड्स नॅशनल पार्कमध्ये ही सगळी सवय बाजूला ठेवावी लागते. इथे वाळू रोज हलते आणि कालची पावलं आज सापडत नाहीत. अल्कली फ्लॅट ट्रेल ही इथली सर्वांत लांब वाट, 5 मैलांचा म्हणजे 8 किलोमीटरचा फेरा. ती जमिनीवर उमटलेली नाही. वाळूत रोवलेले लाल खांब हीच ती वाट. एका खांबापाशी उभं राहून पुढचा खांब दिसला तरच पाऊल टाकायचं. ही एक गोष्ट पक्की पाळली, सोबत पुरेसं पाणी ठेवलं आणि परत फिरायची तयारी ठेवली, तर धडधाकट माणसाला हा फेरा सहज जमतो.

टेक्सास, अ‍ॅरिझोना, कोलोरॅडोमध्ये राहणारी मराठी कुटुंबं लाँग वीकेंडला इथे पुष्कळ येतात. बहुतेक जण गाडीरस्त्याच्या कडेच्या टेकड्यांवर फोटो काढून, प्लास्टिकच्या थाळ्यांवरून घसरून परततात. त्यातही मजा आहेच. पण टेकड्यांचा खरा पसारा पाहायचा असेल तर चालत आत जायला हवं, आणि आत जायचं तर तयारीनंच.

ही वाळू वेगळी का?

जैसलमेरजवळ समच्या टेकड्यांवर चाललेल्यांना वाळू म्हटली की भाजणारे तळपाय आठवतात. थरची वाळू मुख्यतः क्वार्ट्झची आहे. व्हाइट सँड्सची वाळू जिप्समची, म्हणजे आपल्याकडे जिला चिरोडी म्हणतात त्या खनिजाची. प्लास्टर ऑफ पॅरिस करतात तीच चिरोडी भाजून. जिप्सम पाण्यात विरघळतं. म्हणून ते एरवी नद्यांबरोबर समुद्राकडे वाहून जातं आणि त्याची वाळू क्वचितच साचते. ट्युलारोसा खोऱ्यातलं पाणी मात्र बाहेर पडत नाही. डोंगरांतून विरघळून आलेलं जिप्सम खोऱ्यात साठलं, ओटेरो नावाचं पुरातन सरोवर आटलं, मागे स्फटिक राहिले, आणि ऊन, थंडी, वारा यांनी त्यांचा चुरा केला. त्यातून सुमारे 275 चौरस मैलांचं, म्हणजे 700 चौरस किलोमीटरहून मोठं पांढरं वाळूचं रान तयार झालं. जिप्समच्या टेकड्यांचं एवढं मोठं क्षेत्र जगात दुसरं नाही. त्यातला काही भाग पार्कात येतो, बाकीचा भोवतालच्या लष्करी क्षेपणास्त्र चाचणी क्षेत्रात.

चालणाऱ्याच्या दृष्टीनं यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक म्हणजे ही वाळू ऊन शोषण्यापेक्षा परतवते जास्त, आणि तिच्या पोटात ओलावा असतो. टेकड्यांमधल्या सपाटीवर तर हात-दीड हात खोलीवर पाणी लागतं. त्यामुळे कडक उन्हातही पायाला ती गारच वाटते, आणि फसगत होते ती इथेच. पाय गार म्हणून माणूस समजतो की ऊन सोसवतंय. प्रत्यक्षात डोक्यावरून एक ऊन आणि वाळूवरून उलटून येणारं दुसरं ऊन, असा दुहेरी मारा चालू असतो. हवा इतकी कोरडी की घाम येतो तसा उडून जातो. शर्ट ओला होत नाही, म्हणून अंगातून किती पाणी गेलं त्याचा पत्ता लागत नाही. मुंबईच्या घामट हवेत वाढलेल्या माणसाचा अंदाज इथे हमखास चुकतो.

दुसरी गोष्ट, टेकड्या चालतात. जोरात सरकणारी टेकडी वर्षाला 30 फुटांपर्यंत पुढे जाते. खुणेचे खांब तिच्याखाली गाडले जातात, कलतात, वाऱ्यानं पडतात. पार्कचे कर्मचारी ते पुन्हा लावतात, पण तुम्ही जाल त्या दिवशी एखादा गायब असू शकतो.

कधी जावं

ऑक्टोबर आणि नोव्हेंबर सर्वांत चांगले. डिसेंबर ते फेब्रुवारीतही दिवसा हवा सुखाची असते. दुपारी 15 सेल्सिअसच्या आसपास, रात्री मात्र शून्याखाली. थंडीतल्या सकाळी वाळू टणक असते, चालायला सोपी, फक्त हातमोजे आणि कानटोपी विसरू नका. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेपर्यंत वाऱ्याचा मोसम. त्या दिवसांत वाळू उडून समोर पांढरा पडदा लागतो आणि खांब दिसेनासे होतात. जून ते ऑगस्ट हा फेरा करूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. पारा 35 सेल्सिअसच्या पुढे रोजचा, कधी 40 च्याही वर. जुलै ते सप्टेंबर दुपारची वादळं आणि विजा. मोकळ्या वाळवंटात सर्वांत उंच वस्तू तुम्हीच असता.

पार्कचा सल्ला असा आहे की तापमान 85 फॅरनहाइट, म्हणजे साधारण 30 सेल्सिअस किंवा त्याहून जास्त असेल तर ही वाट सुरूच करू नये. अकोल्या-नागपुरात 44 अंश काढलेल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण तिथे 44 अंशांत आपण सावली धरून राहतो. इथे 8 किलोमीटरमध्ये सावलीचा एक टिपका नाही आणि प्रत्येक टेकडी चढायची आहे. 2015 च्या ऑगस्टमध्ये याच वाटेवर एका जोडप्याचा उष्म्यानं बळी घेतला. तिघांच्या त्या कुटुंबाकडे पाण्याच्या दोनच लहान बाटल्या होत्या. लहान मुलगा वाचला.

वेळ सकाळचीच. पार्कचं फाटक साधारण सकाळी 7 ला उघडतं. संध्याकाळी बंद व्हायची वेळ मोसमाप्रमाणे बदलते, ती आत शिरतानाच फाटकावर वाचून ठेवा. सकाळी निघण्याचा आणखी एक फायदा आहे. वाट साधारण पश्चिमेकडे जाते, त्यामुळे सूर्य पाठीशी राहतो आणि तिरप्या उन्हात प्रत्येक टेकडीची धार सावलीमुळे स्वच्छ उठून दिसते. भर दुपारी सावल्या मिटतात. सगळं एकसारखं पांढरं होतं आणि चार फुटांवर उतार तुटतोय की सपाटी आहे हे डोळ्याला कळत नाही.

घरून निघण्याआधी

पार्कच्या संकेतस्थळावर आदल्या रात्री आणि निघताना, दोन्ही वेळा, रस्ता बंद आहे का ते पाहा. शेजारी क्षेपणास्त्र चाचणी असली की पार्कातला ड्यून्स ड्राइव्ह आणि कधी 70 नंबरचा हमरस्ताही बंद ठेवतात, तीन तासांपर्यंत. सकाळी 7 चा बेत त्यामुळे 10 वर गेला तर फेरा रद्द करून छोटी वाट धरा. उशिरा निघून घाईत चालणं नको.

पाणी मुक्कामाच्या जागीच भरून घ्या. अलामोगोर्डो इथून 15 मैलांवर आहे, लास क्रूसेस 50 च्या थोडं पुढे. पार्कात प्यायचं पाणी फक्त प्रवेशाजवळच्या व्हिजिटर सेंटरला मिळतं आणि ते फाटकाइतक्या लवकर उघडेल असं धरू नये. वाटेवर पाण्याचा थेंब नाही.

नाश्ता पोटभर पण हलका. निघण्याआधी तासभर अर्धा लिटर पाणी सावकाश प्यावं. आदल्या रात्री मद्य टाळा.

पाणी आणि खाणं

माणशी 4 लिटर. पार्क सांगतं तोही आकडा हाच, एक गॅलन. हिशेब असा : बऱ्या हवेत तासाला अर्धा ते पाऊण लिटर लागतं. फेऱ्याला तीन तास धरा, फोटो आणि विश्रांतीसह चार. म्हणजे साधारण 3 लिटर संपणार आणि 1 लिटर अडचणीसाठी राखीव. लहान मुलांच्या वाटचं पाणी मोठ्यांनी उचलायचं, पण ते मोजायचं वेगळं. "आम्ही तिघांत पाच लिटर घेतलंय" अशी गोळाबेरीज करू नका. शिवाय गाडीत माणशी 2 लिटर तरी ठेवून जा.

सगळं पाणी एकाच पिशवीत नको. नळीची पाण्याची पिशवी सोयीची असते, पण तिच्या तोंडात वाळू अडकते किंवा पाठीवर ती गळते, आणि किती उरलं ते दिसत नाही. 2 लिटर पिशवीत, 2 लिटर दोन बाटल्यांत, ही वाटणी चांगली.

नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, आणि त्याची लक्षणंही उन्हाच्या त्रासासारखीच असतात : डोकेदुखी, मळमळ, भोवळ. म्हणून एका लिटरात ओआरएसची पुडी घाला. पुडी नसेल तर 1 लिटर पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. कोकम सरबत मीठ घालून नेलं तर उत्तमच, ते दोन घोट जास्त जातं. खायला खारे शेंगदाणे, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, खजूर, दशमी. चॉकलेटचा चिखल होतो आणि भडंग हातापेक्षा वाऱ्यालाच जास्त मिळतो.

दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट, तहान लागो न लागो.

अंगावर आणि पाठीवर

पूर्ण बाह्यांचा, फिक्या रंगाचा, सैल शर्ट. पूर्ण पँट. रुंद कडेची टोपी, हनुवटीखाली बंद असलेली. साध्या कॅपनं मान आणि कान भाजतात. गळ्याभोवती ओला करता येईल असा पंचा किंवा उपरणं घ्या. वाळू उडाली की तेच नाकातोंडावर बांधायला होतं.

गॉगल ही इथे चैनीची वस्तू नाही. बर्फावर डोळे दिपतात तसेच या वाळूवर दिपतात. तीन-चार तास उघड्या डोळ्यांनी चाललात तर संध्याकाळी डोळ्यांत खडे घातल्यासारखं टोचतं आणि पाणी थांबत नाही. बाजू झाकणारा, अतिनील किरण अडवणारा गॉगल मुलांनाही हवाच. सनस्क्रीन लावताना हनुवटीच्या खालची बाजू, नाकपुड्यांच्या कडा आणि कानाच्या पाळ्यांमागे लावा. ऊन खालून येतं आणि नेमकं तिथेच भाजतं.

बुटांबद्दल मतभेद आहेत. बरेच जण अनवाणी चालतात, आणि वाळू गार असल्यानं थोडं अंतर छान वाटतं. पण पूर्ण फेऱ्याला आम्ही बुटांच्याच बाजूनं आहोत. सपाटीवर टणक खपली आणि काटेरी झुडपं लागतात, आणि पाय कापला तर उरलेलं अंतर लंगडत काढावं लागतं. जाळीदार कापडाचे धावायचे बूट टाळा, त्यांतून बारीक वाळू चाळणीसारखी आत येते. घोट्यापर्यंतचे हलके बूट, पातळ लोकरी मोजे आणि वरून कापडी गेटर्स, म्हणजे बुटाचं तोंड झाकणारी पट्टी, ही जोडी उत्तम. बुटात वाळू शिरली की पुढच्या टेकडीपर्यंत थांबू नका, लगेच बसून झटका. वाळू बोटांशी गोळा होते, बूट एका मापानं लहान झाल्यासारखा वाटतो आणि अर्ध्या तासात फोड येतो.

पिशवीत आणखी : शिट्टी, होकायंत्र, लहान बॅटरी, फोडांसाठी चिकटपट्टी, पॉवर बँक, वारा अडवणारं पातळ जाकीट. फोनचा भरवसा धरू नका. रेंज कधी असते, कधी नसते. उन्हात तापला की तो आपोआप बंद पडतो आणि पांढऱ्या झळाळीत पडदा वाचता येत नाही. नकाशा आधीच उतरवून घ्या, गाडीपासून निघताना ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची फोनमधली नोंद, सुरू करा आणि फोन अंगाबाहेरच्या खिशात न ठेवता पिशवीत कपड्यात गुंडाळून ठेवा.

सुरुवात

फाटकापासून ड्यून्स ड्राइव्ह हा 8 मैलांचा रस्ता टेकड्यांच्या पोटात जातो. पहिले 5 मैल डांबरी, पुढचे 3 दाबलेल्या जिप्समचे, पाटा-वरवंट्यासारखे खडबडीत. तिथे गाडी हळू घ्या. अल्कली फ्लॅटचा वाहनतळ या रस्त्याच्या आतल्या टोकाला आहे. स्वच्छतागृहं गाडीरस्त्याला लागून आहेत, वाटेवर नाहीत.

वाटेच्या तोंडाशी नोंदवही आहे. नाव, माणसं किती, निघाल्याची वेळ लिहा. शिवाय घरी कुणालातरी संदेश पाठवा की अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर पार्कला कळव.

निघण्याआधी दोन मिनिटं उभं राहून डोंगर ओळखून घ्या. समोर पश्चिमेला सॅन अँड्रेसची लांब रांग. पाठीमागे पूर्वेला सॅक्रॅमेंटो पर्वत, अलामोगोर्डो त्याच्याच पायथ्याशी. नैर्ऋत्येला सुळक्यांची दातेरी रांग दिसते ती ऑर्गन पर्वताची. टेकड्यांच्या खळग्यात उतरलं की काहीच दिसत नाही, पण कुठल्याही धारेवर चढलं की हे तिन्ही पुन्हा दिसतात. जाताना सॅन अँड्रेस तोंडासमोर, येताना सॅक्रॅमेंटो. एवढं पक्कं असलं की दिशेचा घोळ फार मोठा होत नाही.

या वाटेचे खांब लाल रंगाचे आणि त्यांवर पत्त्यांतल्या चौकटचं चिन्ह. पार्कातल्या इतर वाटांची चिन्हं वेगळी आहेत : बदाम हिरवा, किलवर निळा, इस्पिक नारिंगी. मुलांना हे लगेच लक्षात राहतं. पुढचा खांब शोधायचं काम त्यांच्यावर सोपवा, पण पडताळा तुमचा.

चालण्याची रीत

अल्कली फ्लॅट हे नाव फसवं आहे. सपाट आहे ती टोकाची सरोवराची जमीन. तिथवर जायला आणि यायला टेकड्यांमागून टेकड्या, काही 60 फुटांपर्यंत उंच. डांबरी रस्त्यावर तासाला 5 किलोमीटर चालणारा इथे अडीच ते तीन चालतो.

टेकडीची रचना समजली की निम्मे कष्ट वाचतात. इथला जोराचा वारा नैर्ऋत्येकडून येतो. त्या अंगाचा उतार लांब, सौम्य आणि वाऱ्यानं दाबून टणक झालेला असतो. त्यावर हातभर अंतराच्या लाटा उमटलेल्या दिसतात आणि पाऊल जेमतेम बोटभर रुततं. पलीकडची, ईशान्येची बाजू म्हणजे वाळू धारेवरून ओघळून तयार झालेला उतार, तीसेक अंशांहून उभा. तिथे वाळू नुसती टेकून असते. पाय ठेवला की घोट्याच्या वर जातो आणि दोन पावलं चढलात तर एक पाऊल खाली येता. सह्याद्रीतला घसारा ज्यांनी चढला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको, फरक इतकाच की इथे धरायला कारवीसुद्धा नाही.

तेव्हा उभी बाजू समोर आली तर सरळ नाकासमोर चढू नका. टेकडीच्या कडेला जिथे धार खाली उतरते तिथून वळसा घ्या, खांब नजरेत ठेवून. वळसा शक्य नसेल तर तिरकं, नागमोडी चढा. आधी बुटाच्या टोकानं वाळूत खाच पाडायची, ती दाबून बसली की मग वजन टाकायचं. पुढच्याच्या पावलांत पाऊल ठेवत गेलं तर मागच्यांचे कष्ट बरेच कमी होतात, म्हणून पुढे चालणारा दर दहा मिनिटांनी बदला. उतरताना उलट. शरीर किंचित मागे, गुडघे सैल, टाच आधी रोवायची. घाबरून बाजूनं उतरायला गेलात तर घोटा मुरगळतो. धारेच्या अगदी टोकावर बसू किंवा उड्या मारू नका, आणि उभ्या उताराच्या पोटात मुलांना भुयार खणू देऊ नका. वरची वाळू एका दमात बसते.

टेकड्यांमधल्या सपाटीवर गवत, झुडपं आणि जमिनीवर काळपट खपली दिसेल. ती जिवंत आहे, सूक्ष्म जीवांनी धरून ठेवलेली, आणि एका बुटाखाली चुरगळली की भरून यायला वर्षं लागतात. तिला वळसा द्या. इथेच युक्का दिसतो. जवळ जाऊन पाहा. टेकडी अंगावर चढत आली की हा सोपट्री युक्का खोड उंच उंच वाढवत पानांचा झुपका वाळूच्या वर ठेवतो. वाळूवर हातभर दिसणाऱ्या झुपक्याखाली कितीतरी फुटांचं खोड गाडलेलं असतं, आणि टेकडी पुढे सरकून गेली की आधार जाऊन झाड आडवं पडतं. अशी पडलेली खोडं वाटेत दिसतील. सकाळी वाळूवर टाके घातल्यासारख्या दोन नाजूक ओळी दिसल्या तर त्या काळ्या भुंग्याच्या. पांढुरका सरडा मात्र हलला तरच दिसतो. पिढ्यान्‌पिढ्या या वाळूचा रंग त्यानं घेतला आहे.

खांब ते खांब

खांबापाशी पोचलात की थांबा, पुढचा शोधा, बोट दाखवून सगळ्यांना सांगा, मग निघा. दोन खांबांच्या मध्ये खळगा आला की पुढचा दिसेनासा होतो, म्हणून निघतानाच त्याच्या मागचा एखादा डोंगरमाथा हेरून ठेवा. आधी गेलेल्यांच्या पावलांमागे जाऊ नका. ती फोटोसाठी भलतीकडे गेलेल्या कुणाचीही असू शकतात.

पुढचा खांब दिसतच नसेल तर क्रम असा. गटातला एक जण आहे त्या खांबाला धरून उभा राहील, हलणार नाही. दुसरा जवळच्या उंच धारेवर जाऊन पाहील, पहिल्याची हाक ऐकू येईल इतक्याच अंतरात. दिसला तर दोघांनी खूण करून बाकीच्यांना न्यायचं. दहा मिनिटांत दिसला नाही तर मागच्या खांबाकडे परत, आणि तिथून गाडीकडे. एकटे असाल तर धारेवर जाताना दर थोड्या पावलांनी मागे वळून खांब दिसतो का पाहा. वाळू उडायला लागली आणि पुढचा खांब पुसट झाला तर वारा पडायची वाट पाहत पुढे जाऊ नका, लगेच मागे फिरा. तुमचीच पावलं वाऱ्यात काही मिनिटांत बुजतात.

फेऱ्याच्या वाटेची एक खासियत लक्षात ठेवा. निम्म्याच्या आधी अडचण आली तर आल्या वाटेनं मागे जाणं जवळ, निम्म्यानंतर पुढे जाणं जवळ. म्हणून अल्कली फ्लॅटच्या टोकाशी पोचल्यावर पाणी मोजा. निम्म्याहून जास्त उरलं असायला हवं. आणि टोकाला पोचण्याआधीच निम्मं संपलं असेल तर तुमचा वेग किंवा हवेचा अंदाज चुकला आहे, तिथूनच परता. फेऱ्याच्या पोटातून आडवा कापून जवळची वाट काढायचा मोह होतो. तो करू नका. मध्ये एकही खांब नाही, सगळ्या टेकड्या सारख्या दिसतात, आणि चकवा लागतो तो नेमका इथेच.

टोकाला समोर सरोवराची आटलेली तळजमीन पसरते, सॅन अँड्रेसच्या पायथ्यापर्यंत सपाट. इथून पुढे जायचं नाही. त्या बाजूला लष्करी क्षेत्र आहे. कुठेही धातूची विचित्र वस्तू वाळूत अर्धी गाडलेली दिसली तर हात लावू नका, जागा लक्षात ठेवून रेंजरला सांगा. न फुटलेला दारूगोळा टेकडी सरकल्यावर वर येऊ शकतो. याच पुरातन सरोवराच्या काठच्या थरांत माणसांच्या पावलांचे ठसे सापडले. ते 21 ते 23 हजार वर्षांपूर्वीचे असल्याचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला आणि अमेरिकेत माणूस कधी पोचला याचा हिशेब त्यानं मागे ढकलला. टोकाशी बसून चिक्की खाताना समोरच्या उजाड सपाटीकडे पाहावं. तिथे एके काळी पाणी होतं आणि काठानं लेकुरवाळी माणसं चालत होती.

बिघडतं ते असं

डोकं दुखायला लागणं, मळमळ, पायात गोळे, चिडचिड, मुलांचं अचानक गप्प होणं. एवढ्यावरच थांबा. बसवा, इतरांनी उभं राहून सावली करा, पंचा ओला करून मानेवर आणि डोक्यावर, ओआरएसचे लहान घोट. अर्ध्या तासात बरं वाटलं तरी पुढचा फेरा रद्द, जवळच्या बाजूनं परत. माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला किंवा अंग तापून शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात. लगेच 911. फोनला रेंज नसेल तर धारेवर चढून पाहा, नव्या फोनमध्ये उपग्रहाची सोय असेल तर ती वापरा. मदत येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर पाणी टाका, वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. आणि एकाला मदतीला पाठवून दुसऱ्याला एकटं सोडायची वेळ आली तर खांबापाशीच सोडा, भडक रंगाचं काहीतरी खांबाला बांधून. हवेतून शोधणाऱ्याला पांढऱ्या वाळूवर पांढरा शर्ट दिसत नाही.

आठ वर्षांखालची मुलं, गुडघेदुखी असलेले आई-बाबा सोबत असतील तर हा फेरा नको. त्यांच्यासाठी ड्यून लाइफ वाट 1 मैलाची आहे. फळ्यांचा इंटरड्यून बोर्डवॉक त्याहून लहान, आणि त्यावर व्हीलचेअरही जाते.

परतल्यावर

सर्वांत आधी नोंदवहीत परत आल्याची वेळ लिहा. मग बूट-मोजे गाडीबाहेर झटका. ही वाळू घरी न्यायला बंदी आहे, मुठभरसुद्धा. तासाभरात अर्धा लिटर पाणी आणि काहीतरी खारट. लघवी गडद पिवळी असेल तर अजून प्या आणि लगेच लांबचं ड्रायव्हिंग करू नका.

लास क्रूसेसकडे परतणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. 70 नंबरच्या रस्त्यावर पार्कच्या पश्चिमेला बॉर्डर पेट्रोलची तपासणी चौकी आहे आणि पश्चिमेकडे जाणाऱ्या गाड्या तिथे थांबवून नागरिकत्व विचारतात. एच-वन, एल-वन किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल, किंवा भारतातून आई-वडील आले असतील, तर सगळ्यांचे मूळ पासपोर्ट, व्हिसा आणि आय-94 ची, म्हणजे अमेरिकेत शिरल्याच्या सरकारी नोंदीची प्रत गाडीतच हवी. ग्रीन कार्डवाल्यांनी कार्ड जवळ बाळगावं. ही पाकिटं सकाळी निघतानाच गाडीच्या कप्प्यात ठेवा, हॉटेलच्या तिजोरीत नको.